चूल पेटती ठेवायची : गावच्या घराच्या वर्षभराच्या नोंदी

९ एप्रिल २०२४, मंगळवार. गुढीपाडवा. ठाणे

वही आजपासून सुरू केली.

सकाळी कौपिनेश्वरापासून निघालेली स्वागतयात्रा पाहिली, तलावपाळीवरून चालत घरी आलो, गुढी उभारली. जेवणं झाल्यावर यांनी मुरबाडकडच्या घराचा विषय काढला. पुतण्याने गेल्या आठवड्यात फोटो पाठवले होते. माजघरावरची कौलं घसरली आहेत आणि आतून आभाळ दिसतं. सासूबाई गेल्या त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून घराला कुलूप. वर्षातून एकदा दोन तास जायचं, झाडलोट करायची, परत कुलूप लावायचं आणि कल्याणची एसटी पकडायची.

पुण्याच्या भाऊजींना फोन केला. त्यांचं म्हणणं, जुनं पाडा आणि दोन खोल्यांवर स्लॅब टाका, दरवर्षीची कटकट मिटेल. हे म्हणाले, आधी पावसाआधी शाकारून घेऊ, मग बघू. दोघंही आपल्या जागी बरोबर वाटले, पण मला वाईट वाटलं ते दोघांच्या बोलण्यात राहण्याचा विषयच नव्हता म्हणून.

मी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. या वहीत तीन रकाने आखले आहेत: काम, खर्च, मुक्काम. तिसरा रकाना माझा हट्ट आहे. छप्पर कितीही चांगलं केलं तरी खाली कोणी झोपणार नसेल तर दहा वर्षांनी हेच फोटो पुन्हा येतील. वर्षाला ५२ रात्री, आठवड्याला एक या हिशेबाने. हे निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, मला सहा. वेळ नाही असं आता म्हणता येणार नाही.

१३ एप्रिल, शनिवार. गाव

ठाण्याहून लोकलने कल्याण, स्टेशनजवळच्या आगारातून मुरबाडची एसटी, पुढे रिक्षा. यांना ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट आणि मला महिला म्हणून अर्धं, म्हणजे दोघांचं मिळून एक.

कुलूप उघडायला घासलेट लागलं. आत वटवाघळांचा वास, जात्यावर मातीचा थर. ओटीच्या खांबाजवळ वाळवीची वाट वरपर्यंत गेलेली. कुडाची भिंत मात्र उभी आहे. आतल्या कारवीच्या काठ्या शाबूत आहेत, वरचं लिंपण तेवढं गळून पडलंय.

दिवसभर मोजणी केली. हे शिडीवर, मी खाली वही घेऊन. कौलं साधारण २,२००. फुटलेली किंवा सरकलेली ३४०, यातली बरीच माकडांच्या उड्यांनी. मग वासे मोजले आणि तिथे मी थबकले. माजघरावरच्या २२ वाशांपैकी ९ गेलेले, बोटाने दाबलं तर भुसा गळतो. चुलीच्या खोलीवरचे १४, त्यातला फक्त एक खराब. एकाच वर्षी, एकाच सुताराने बसवलेलं हे लाकूड.

शेजारच्या आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या ओट्यावर बसून आमचं बघत होत्या. म्हणाल्या, "त्या खोलीला धूर मिळालाय गं. साठ वर्सं तुझी सासू चूल पेटवत होती तिथं. धुरानं लाकडाला किडा लागत नाय. बाकीच्या घराला कोन धूर देनार?"

वर पाहिलं. ते तेरा वासे काजळीने तव्यासारखे काळे झालेले होते. आयुष्यभर ती काजळी मला घाण वाटत आली.

रात्री चूल पेटवली. ओलसर लाकडं, डोळ्यांतून पाणी, पण पिठलं-भात झाला. मुक्काम १.

२४ एप्रिल, बुधवार. ठाणे

एका ठेकेदाराला १५,००० रुपये आगाऊ दिले होते. तीन वेळा दिवस ठरवून आला नाही, आता फोन उचलत नाही. नाव लिहून ठेवत नाही. हे दोन दिवस गप्प आहेत. चाळीस वर्षांच्या नोकरीत यांनी कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत, म्हणून यांना हे जास्त लागलं. खर्चाच्या रकान्यात "बुडीत" असं लिहिलं आणि पान उलटलं.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया. गाव

आत्याबाईंच्या ओळखीने पलीकडच्या पाड्यावरचे सुतारदादा मिळाले. आगाऊ काही घेतलं नाही. आधी सगळं घर हिंडून पाहिलं, प्रत्येक खांबावर हाताची मूठ आपटून आवाज ऐकला. खांब ऐनाचे आहेत, त्यांना काही करायला नको म्हणाले. वासे बदलायचे, रिपा म्हणजे कौलांखालच्या पट्ट्या सगळ्या नव्या.

अडचण कौलांची. आमच्या कौलांच्या पोटावर मंगळूरच्या कारखान्याचा छाप आहे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, पुढे तिथे अनेक कारखाने निघाले, म्हणून सगळ्याच अशा कौलांना आपण मंगळुरी म्हणतो. पण प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी असते. दुसऱ्या छापाचं कौल मध्येच घातलं तर खाच बसत नाही आणि नेमकं तिथून पाणी येतं. म्हणून नवी कौलं आणून भागेना. हे चार दिवस मुरबाड, सरळगाव, कल्याण असे हिंडले. जिथे जुनं घर पाडून स्लॅब पडतोय तिथे जाऊन कौलं उलटी करून छाप वाचायचा. शेवटी एका पाडलेल्या शाळाखोलीची ३८० कौलं एकाच छापाची मिळाली, नग १५ रुपये. घरी आल्यावर यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ठेकेदाराचं दुःख त्या दिवशी संपलं.

मी दुपारभर त्या कौलांवरचं शेवाळ घासत बसले. कुठल्या तरी मुलांच्या डोक्यावर ती पन्नास वर्षं होती.

मुक्काम ८.

३ जून, सोमवार. गावाहून परत ठाणे

ठाणे स्टेशनातल्या फलाट रुंदीकरणासाठी ६३ तासांचा मेगाब्लॉक होता. ३० तारखेला दुपारीच निघालो आणि आज परत आलो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, त्या आमच्या स्टेशनात इतका वेळ गाड्या थांबलेल्या हे रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाला घरी बसून पाहवलं नसतं. गावात राहिलो ते बरं झालं.

या चार दिवसांत छप्पर पुरं झालं. सुतारदादा आणि त्यांची दोन मुलं वर, हे शिडीच्या मधल्या पायरीवर, मी खाली, आणि माझ्यामागे आत्याबाईंच्या सुना. एकेक कौल हातोहात वर गेलं. आढ्यावरची शेवटची ओळ बसली तेव्हा सुतारदादांनी नारळ मागितला. फोडला, पाणी आढ्याला शिंपडलं, खोबरं सगळ्यांना वाटलं.

लिंपणही झालं. माती, शेण आणि भाताचा तूस मळून तीन दिवस कुजवायचं, मग हाताने थापायचं. माझं थापलेलं दुसऱ्या दिवशी तडकलं. थोरल्या सुनेने ते ओलं करून परत उतरवलं आणि पुन्हा थापून दाखवलं: खालून वर, एका दमात, हात न उचलता.

आतापर्यंतचा खर्च ६८,४००, बुडीत धरून. मुक्काम १२.

९ जून, रविवार. गाव

मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यात पोचल्याची बातमी आज आली. आम्ही मुद्दाम गावात आहोत. रात्री साडेनऊला सुरू झाला. पातेली, बादली, परात, सगळं हाताशी घेऊन अंधारात कान देऊन बसलो होतो. फक्त पडवीच्या कोपऱ्यात एक थेंब, मिनिटाला वीस. सकाळी ते कौल दोन बोटं वर सरकवलं, थांबलं.

२३ जून, रविवार. गाव

कचराळी तलावावर रोज सकाळी फिरणाऱ्या आम्ही नऊ जणी. बँकेतल्या, शाळेतल्या, एक परिचारिका. आज सगळ्या आल्या, कल्याणहून एसटीने, अर्ध्या तिकिटात, गाणी म्हणत.

आत्याबाईंनी रानातून शेवळं, ही पावसाळी रानभाजी, आणून ठेवली होती. पहिला पाऊस पडला की जमिनीतून वर येतात, महिनाभर मिळतात आणि संपतात. खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो, आणि सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालायची. ठाण्यात जांभळी नाक्याला जुड्या मिळतात, पण त्या शिळ्या असतात. आज ओल्या मातीसकट होती. कडवे वाल घालून भाजी केली, तांदळाची भाकरी, बोंबलाची चटणी, ज्यांना चालत नाही त्यांना लसणाची.

जेवणानंतर परिचारिका मैत्रीण ओटीवर आडवी झाली आणि दोन तास गाढ झोपली. तिच्या यजमानांना जाऊन सात महिने झालेत. रात्रीची झोप नाही असं ती रोज तलावावर सांगते. कुणीही तिला उठवलं नाही. चारची एसटी सोडली, पाचची पकडली.

मुक्काम १६.

१४ जुलै, रविवार. गाव

लावणी. शेत आत्याबाईंच्या मुलाकडे अर्धेलीने आहे. हे दोन ओळी लावून कमरेला हात लावून उभे राहिले. मला गुडघ्यांमुळे वाकता येत नाही, म्हणून मी बांधावरून आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी फेकून देण्याचं काम केलं. मूठ जिथे लागेल तिथे नेमकी पडली पाहिजे. संध्याकाळपर्यंत नेम जमला.

नात ऐरोलीहून आली होती, नऊ वर्षांची. भात कुठून येतो हे तिने पुस्तकात वाचलंय. चिखलात पाय घातल्यावर पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग बाहेर यायला तयार होईना.

२५ जुलै, गुरुवार. ठाणे

दोन दिवस कोसळतोय. उल्हास नदी फुगली की रायत्याच्या पुलावरून मुरबाडकडची वाहतूक थांबते, म्हणून निघालो नाही. रात्री तीनदा उठून खिडकीशी गेले. इथे चौथ्या मजल्यावर कोरड्यात उभी राहून तिकडच्या पडवीच्या कोपऱ्याचा विचार. आत्याबाईंच्या सुनेने सकाळी फोन केला: "वयनी, आत जाऊन बघितला मी. कोरडा हाय." तिला आम्ही चावी देऊन ठेवली आहे ते फार बरं केलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार. ठाणे

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूर, धूळ वर्ज्य, म्हणून महिनाभर चुलीपासून लांब. रकाना रिकामा राहणार असं धरून चालले होते. पण हे एकटे जाऊन दोन रात्री राहून आले. यांनी उभ्या आयुष्यात चूल पेटवली नव्हती. रात्री आठला फोन: "काटक्या आधी की गोवरी?" मी इथून सांगत गेले, हे तिकडे फुंकत गेले. पाऊण तासाने म्हणाले, "पेटली." मग बराच वेळ दोघंही फोन धरून होतो. मला लाकडं तडतडताना ऐकू येत होती.

मुक्काम २१. या दोन रात्री मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाच्या.

१२ सप्टेंबर, गुरुवार. गौरी-गणपती विसर्जन. गाव

सासूबाई गेल्यावर गणपती ठाण्याच्या घरी आणला होता. यंदा तो पुन्हा गावी नेला. भाऊजींना आधी विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, तिथे सोय काय? झोपायचं कुठे?" तरी आले, जाऊबाई आणि दोन्ही मुलांसकट.

मूर्ती शाडूची, मुरबाडच्या बाजारातून आणली. ७ तारखेला माजघरात बसवली, नव्या वाशांखाली. १० ला गौर आली, आमच्यात तेरड्याची असते. मागच्या बांधावर तेरडा फुललेलाच होता, नातीने मुळासकट उपटून आणला. त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. पुरण साडेपाच किलो डाळीचं, चुलीवर. जाऊबाईंनी वाटलं, मी पोळ्या केल्या. डोळ्यांना जपून, चष्मा लावून, पण केल्या. वाड्यावरच्या सगळ्या घरी ताट गेलं.

एका रात्री घरात सतरा माणसं झोपली होती. मी मोजली.

१० च्या पहाटे उठले तर भाऊजी ओटीवर एकटेच बसलेले. उत्तरेकडच्या खांबावर अंगठ्याने काहीतरी चाचपत होते. खांबावर चाकूने पाडलेल्या आडव्या खुणा आहेत, दोन रांगांत. सासऱ्यांनी दोघा भावांची उंची मोजून पाडलेल्या. एप्रिलच्या मोजणीत त्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. भाऊजी म्हणाले, "दादा माझ्यापुढे कायम चार बोटं होता. इथे बघा, इथे मी त्याला गाठलंय." मग नातीला हाक मारली, खांबाला टेकवून उभं केलं आणि खिशातल्या किल्लीने नवी खूण पाडली.

स्लॅबचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

विसर्जन ओढ्यावर. परत येताना पाटावर ओढ्याचे पाच खडे. मुक्काम २९.

१८ नोव्हेंबर, सोमवार. ठाणे

ऑक्टोबरचे चार आणि कापणी-झोडणीचे सहा दिवस धरून मुक्काम ३९. आपल्या वाट्याला नऊ पोती भात आलं. मधे दिवाळी ठाण्यात, लेक-जावई आले होते. दोघांचे हयातीचे दाखले दिले. ऐरोली, तलावावरच्या मैत्रिणी आणि पुणे, तिघांकडे नवे तांदूळ पोचवले.

१५ डिसेंबर, रविवार. ठाणे

काल नाणेघाट. यांचे रेल्वेतले दोन मित्र, त्यांच्या घरच्या आणि आम्ही. गाडीने माळशेज चढून जुन्नरकडून घाटघरला गेलो. गुडघ्यांना तोच रस्ता शक्य होता.

घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेली लेणी आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख. यज्ञ केले, दक्षिणा दिली, त्याचे आकडे: गायी, घोडे, कार्षापण नाणी. शिकवत असताना मुलांना सांगायचे, भारतातले फार जुने आकडे नाणेघाटात कोरलेले आहेत. काल पहिल्यांदा समोर उभी राहिले. त्या लिपीत शून्य नाही, दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. दोन हजार वर्षांपूर्वीची हिशेबाची वहीच ती. लेखात "महारठिनो" हा शब्द आहे, आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच लेखाचा दाखला वर्तमानपत्रांतून पुन्हा पुन्हा आला होता.

बाहेर जकातीचा दगडी रांजण. तिथून पुढे कडा, आणि खाली सगळं मुरबाड पसरलेलं. जुन्नरहून माल याच वाटेने उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांना जायचा. हे बोटाने आमच्या गावाची दिशा दाखवत होते. गाव दिसत नव्हतं, पण त्या बाजूला शेतांवर धूर होता.

१५ जानेवारी २०२५, बुधवार. गाव

पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा सुरू झाली. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंबरोबर गेले होते, त्यानंतर आता. बैलबाजार, घोंगड्या, शेतीची अवजारं, आकाशपाळणा. म्हसोबाला नारळ दिला. यांनी काळी घोंगडी घेतली, कोणाकडेही न पाहता दोन वेळा भाव केला आणि शेवटी विणणाऱ्याने सांगितली तेवढीच रक्कम दिली. रात्री गावात थंडी चांगली आहे, घोंगडी अंगावर टोचते पण ऊब धरते.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. वाड्यावरच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. आत्याबाई आल्या नाहीत, खोकला आहे. तिळगूळ घेऊन मीच गेले. अंथरुणावरून विचारलं, "पेटवतेस ना रोज?" मी म्हटलं, असतो तेव्हा पेटवते. "तेवढा पुरे."

मुक्काम ४६.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. ठाणे

भाऊजींचा फोन. "वहिनी, पाडायचं राहू द्या. मे महिन्यात आम्ही दोघं आठ दिवस जाऊन राहतो. चावी कुणाकडे असते?"

हे बाजूलाच बसले होते. फोन ठेवल्यावर उठले आणि देवापाशी साखर ठेवली.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. गाव

यंदा गुढी इथे उभारली, ओटीच्या उत्तरेकडच्या खांबाला बांधून. मुक्काम ५६, होळीच्या तीन रात्री धरून. एकूण खर्च ९१,२५०.

आत्याबाई फेब्रुवारीच्या शेवटी गेल्या. त्यांच्या घरी आज गुढी नाही. श्रीखंड न नेता तांदूळ, डाळ आणि गूळ नेऊन दिला. थोरली सून चुलीपाशी बसली होती. तिने मला जवळ बसायला पाट दिला, दोघी बराच वेळ बसलो. उठताना तिने आमच्या घराची चावी पुढे केली. म्हटलं, तुझ्याकडेच असू दे, भाऊजी मे महिन्यात येणार आहेत.

शेतात राब भाजायची तयारी चालली आहे, पालापाचोळा आणि शेण पसरून झालंय. नातीने उंचीची खूण पुन्हा पाडून घेतली, सप्टेंबरपासून तीन बोटं वाढली.

करायचं राहिलेलं: पडवीच्या रिपांना तेल. विहिरीतला गाळ, मेच्या आत. आढ्याजवळची दोन कौलं माकडांनी सरकवली आहेत, उद्या सकाळी सुतारदादांकडून शिडी आणायची.